लतामावशीची निळी सायकल

जगदीश खोब्रागडेला स्वस्थ बसता येत नाही, हे कॉव्हेंट्रीतल्या आपल्या सगळ्या लोकांना ठाऊक आहे. रविवारी हॉलमध्ये वंदनेला डोळे मिटून बसला तरी त्याचं एक बोट गुडघ्यावर काहीतरी पिळत असतं. जेवायला बसला की ताट बाजूला, आधी टेबलाचा पाय हलतो का ते बघेल. कुणाच्या घरी गेला की पहिल्यांदा दाराची बिजागरी ऐकेल, मग माणसांना जय भीम घालेल. पोटापाण्याचं कामही तसलंच मिळालंय. गॅरेजमध्ये एमओटी करतो. लोकांच्या गाड्या वर्षातून एकदा त्याच्यापुढे येतात, हा खाली वाकून टॉर्च मारतो आणि पास की फेल ते सांगतो. फेल म्हणताना बेट्याला जराही वाईट वाटत नाही. वय छप्पन्न, जन्म इथलाच, इंग्लंडातला, आणि मराठी म्हणाल तर प्रेमळ पण मोडकं. सायकल कधी तो असते, कधी ती.

तर गेलं वर्षभर या माणसाच्या जिवाला एकच घोर होता. लतामावशी लीड्सला जायच्या आत तिची सायकल तयार झाली पाहिजे, आणि ती सायकल बघून मावशीनं तोंड भरून म्हटलं पाहिजे, "हीच रे, हीच माझी सायकल!" बस्स, एवढंच. पण या एवढ्यासाठी त्यानं घर डोक्यावर घेतलं.

लतामावशी म्हणजे लता मेश्राम. मूळ गाव नागपूर, आली ती नर्स म्हणून, ऐन विशीत, आणि आता ऐंशी ओलांडली. नवरा वामनराव फाउंड्रीत होता, त्याला जाऊनही खूप वर्षं झाली. जगदीशच्या आईचं घर तिच्या गल्लीतच होतं. आई सकाळच्या शिफ्टला गेली की मावशी या कार्ट्याला सायकलीच्या मागं बसवून नर्सरीत सोडायची आणि तशीच पुढं वॉर्डात जायची. नात्याची नाही, पण सख्ख्या मावशीनं केलं नसतं ते हिनं केलं. जगदीशची आई वारल्यावर तर त्याला हक्कानं रागावणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. आणि आता तिचा मुलगा सम्यक, जो लीड्सच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर आहे, तो आईला आपल्याकडं घेऊन निघाला होता. गुडघे गेलेत, जिने चढवत नाहीत, एकटीनं किती दिवस राहायचं? घर विकायला काढलं.

तेव्हा मावशीनं जगदीशला बोलावून सांगितलं, "गॅरेजात माझी सायकल आहे बघ. चेन पडलीय, टायर बसलेत. जरा नीट करून दे. लीड्सला घेऊन जाईन म्हणते. चालवणार नाही रे बाबा, सम्यक जीव घेईल माझा. पण असू दे डोळ्यासमोर."

म्हणजे काम केवढं? चेन चढवायची आणि हवा भरायची! दुसरा कोणी असता तर चहा निवायच्या आत करून मोकळा झाला असता. पण सायकल पडली जगदीशच्या हाती, आणि जगदीशनं ती उलटी केली.

इथं त्याच्या एका खुळाबद्दल सांगायला हवं. हा गृहस्थ जुन्या अमेरिकन सायकली दुरुस्त करतो. हो, अमेरिकन! ज्या गावात निम्म्या लोकांचे आजे-पणजे सायकलीच्या कारखान्यात राबले, त्या कॉव्हेंट्रीत बसून हा शिकागो आणि ओहायोच्या सायकलींची सेवा करतो. सुरुवातीला तो इंग्लिश सायकलवाल्यांच्या क्लबात गेला होता. तिथं जो तो म्हणायचा, हा हब, हा चाकाचा मधला तुंबा, माझ्या आजोबांनी बनवलाय. आणि मग मान तिरकी करून विचारायचा, "अँड वेअर आर यू ओरिजिनली फ्रॉम?" जगदीश म्हणायचा, कॉव्हेंट्री. "नो, बट ओरिजिनली?" हे दर खेपेला. वैतागला बिचारा. अमेरिकन सायकलींचं बरं होतं. तिथं कुणाचाच आजोबा मध्ये येत नव्हता, सायकलही परकी आणि दुरुस्त करणारे सगळेही परके. त्याच्या शेडमध्ये अशा पाच उभ्या आहेत. एकेक लठ्ठ टायरांची, टाकीवर क्रोमच्या पट्ट्या असलेली. त्यातली एकही तो चालवत नाही.

या लोकांचा धर्म एकच. सायकल ज्या सालची, तिचा प्रत्येक पार्ट त्याच सालचा हवा. नुसता तसा दिसणारा नको, त्या सालचाच. चाकाच्या हबवर एक अक्षर आणि एक आकडा ठोकलेला असतो. अक्षरावरून साल कळतं, आकड्यावरून वर्षाचा कुठला तिमाही ते कळतं. सायकल वसंतातली आणि हब दिवाळीतला निघाला, तर हे लोक नाक मुरडतात. चालते का, हे कुणी विचारत नाही.

तर जगदीशनं मावशीची सायकल उलटी केली, पॅडलच्या खालची माती खरवडली आणि नंबर वाचला. मग निळ्या रंगावर नखानं हलकेच ओरखडा काढला. खाली शेवाळी हिरवा होता. त्यानं तो नंबर पुन्हा एकदा वाचला. युद्धाच्या काळात इंग्लंडात अमेरिकन फौजांची हॉस्पिटलं होती. तिथल्या नर्सांना बराकीतून वॉर्डात जायला सायकली दिल्या होत्या, बायकांच्या फ्रेमच्या. फौज परत गेली, सायकली राहिल्या. मावशीच्या हॉस्पिटलातल्या एका पोर्टरनं त्यातलीच एक पटकावली होती. त्याच्या परसात तिच्यावर कोंबड्या बसायच्या. त्याच्याकडून ती मावशीकडं आली. असली सायकल सहजी कुठं बघायला मिळत नाही, आणि इथं ती त्याच्यापासून हातभर अंतरावर धूळ खात पडली होती, जिच्यावर बसून तो स्वतः नर्सरीत गेला होता!

झालं. जगदीशच्या डोक्यात किडा शिरला.

त्यानं टॉर्च मारून तिची तपासणी केली, आणि अहो, सगळंच फेल. चाकं इंग्लिश, कारण अमेरिकन मापाचे टायर इथं मिळेनात म्हणून वामनरावानं बदललेली. सीट इंग्लिश. कॅरिअर तर कुठल्या कपाटाच्या फळीचं केलेलं, कोपरे तासून गोल केलेले, पोराला टोचू नये म्हणून. वर तो निळा रंग, घरी बसून ब्रशनं लावलेला, जागोजागी ओघळ. एवढी दुर्मिळ वस्तू आणि तिची ही दशा! जगदीशला खरोखर वाईट वाटलं, सायकलीबद्दल.

कल्याणी, म्हणजे त्याची बायको, पुण्याची. फार्मसीत काम करते आणि बोलते थोडकं. तिनं शेडच्या दारात उभं राहून विचारलं, "मावशींना सांगितलंस का, काय करतोयस ते?"

"नाही. सरप्राईज आहे."

"त्यांनी फक्त हवा भरायला सांगितली होती, जगदीश."

"तुला कळत नाही. तो खूप special आहे. मी त्याला पहिल्यासारखा करतो. मावशी एकदम खूश होतील."

कल्याणीनं हात टेकले. सरप्राईज या शब्दानं जगात जेवढे संसार मोडले असतील तेवढे दारूनंही मोडले नसतील, पण ऐकतो कोण!

रंग काढायचं काम त्यानं घाईत केलं नाही. केलं असतं तर एक वेळ माफ होतं. खालच्या हिरव्याला धक्का लागू नये म्हणून तो जुन्या बनियनच्या चिंध्या औषधात बुडवून बोटभर जागा घासायचा. शनिवार गेले, रविवार गेले. निळा रंग थोडाथोडा चिंध्यांवर उतरत राहिला आणि चिंध्या बिनमध्ये जात राहिल्या. हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांची पुसट रांग दिसली, तेव्हा तो आनंदानं ओरडला. कल्याणीला वाटलं बोट कापलं.

पार्ट जमवायला तो नॉरफकला गेला. तिथं एका जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर या वेड्यांचा बाजार भरतो. तिथं वस्तूला वस्तू देतात, आणि पाकीट काढलं की लोक तोंड वाकडं करतात. एका दाढीवाल्या म्हाताऱ्याकडं त्या सालची अमेरिकन सीट होती, लष्करी, स्प्रिंगची. त्यानं जगदीशच्या डिकीत डोकावून बघितलं. जगदीशनं मावशीची इंग्लिश चाकं आणि इंग्लिश सीट काढून दिली. हात मिळवले. परतीच्या वाटेवर जगदीश गाडीत एकटाच गात होता. फळीचं कॅरिअर कुणीच घेतलं नाही, ते त्यानं येताना कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचराडेपोत, टाकलं.

राहता राहिला मागचा हब. आणि तिथं घोडं अडलं. एक मिळाला, ओहायोहून आला, चकचकीत, चालतही मस्त होता. जगदीशनं भिंग लावून आकडा वाचला आणि त्याचा चेहरा पडला. साल तेच, तिमाही पुढचा.

"मग?" कल्याणीनं विचारलं.

"मग काय? सायकल आधी झाला आणि हब नंतर जन्मला. कसं चालेल?"

"आपल्यात पत्रिका बघत नाहीत, म्हणून तू सायकलीची बघायला लागलास का रे?" ती म्हणाली. "आपल्या लग्नात तर कुणी एवढं बघितलं नव्हतं."

तो हसला नाही. हसायच्या मनःस्थितीतच नव्हता. त्यानं दुसरा हब शोधायला घेतला आणि तेव्हापासून तो माणसांत राहिला नाही. एमओटीला आलेल्या बाईशी ब्रेकबद्दल बोलताना मध्येच फोन बघायचा. वंदनेत सगळे त्रिशरण म्हणत असताना खिशातला फोन थरथरला तर हा उठून बाहेर. एकदा जेवताना घास हातात धरून तसाच बसला, आणि कल्याणीनं विचारलं तर म्हणाला, "मिशिगनमध्ये एक माणूस आहे." दर आठवड्याला मावशीचा फोन यायचा, "झाली का रे?" आणि हा म्हणायचा, "होते, होते, थोडासा राहिलाय." मावशीला वाटायचं, पोराला कामातून सवड नसेल. दोन-तीनदा ती म्हणालीसुद्धा, "अरे, नसेल जमत तर दुकानात देते." त्यावर याच्या तोंडचं पाणी पळायचं. दुकानात? ती सायकल?

मिशिगनच्या माणसानं हब पाठवला. बरोबर सालाचा, बरोबर तिमाहीचा. पार्सल विमानतळावर कस्टमवाल्यांकडं अडकलं. त्याच दिवशी सम्यकचा फोन आला. घर घेणाऱ्यांना घाई आहे, महिनाअखेरीची व्हॅन आता याच शनिवारी येतेय. "आई सारखी सायकल सायकल करतेय. झाली असेल ना?"

"होते, होते," जगदीश म्हणाला. तयार चाक शेडमध्येच लटकत होतं, पुढच्या तिमाहीचं. ते बसवलं असतं तर काम तिथंच संपलं असतं, मावशीला काय, जगातल्या कुणालाच कळलं नसतं. पण मला तर कळेल ना, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि रजा टाकून पार्सलच्या मागं लागला. आज इथं फोन, उद्या तिथं, कुठल्या डेपोच्या खिडकीशी हुज्जत. शुक्रवारी दुपारी हब हातात आला. घरी येऊन त्यानं एकेक स्पोक ओवला, चाक फिरवून फिरवून सरळ केलं, उलटं पॅडल मारलं की ब्रेक लागतो ते बघितलं. मग मागं सरकून उभा राहिला. सायकल कारखान्यातून काल बाहेर पडल्यासारखी उभी होती. त्याचे हात मात्र अजून थांबत नव्हते, तो उगाच पाने पुसत राहिला.

शनिवारी सकाळी मावशीच्या दारात व्हॅन उभी होती. घर रिकामं झालं होतं. पुढच्या खोलीत फक्त एक खुर्ची, आणि तिच्यावर मावशी, कोट घालून, पर्स मांडीवर. जगदीश सायकल घेऊन आत आला. मागून कल्याणी.

"आलास?" मावशीचा चेहरा उजळला. "कुठाय? आण की आत."

"हे काय, मावशी. तुमच्यासमोर."

मावशीनं चष्मा नीट बसवला. सायकलीकडं बघितलं. मग तिच्या मागं, दाराकडं बघितलं, अजून काहीतरी आत यायचं असल्यासारखं. दारातून काहीच आलं नाही.

"ही कोणाची रे?"

"तुमचा! तुमचा सायकल आहे मावशी, original! अमेरिकन आर्मीचा. ही सीट बघा, त्याच वर्षाची आहे. आणि हा हब, हा मिशिगनवरून..." जगदीश गुडघ्यावर बसून एकेक पार्ट दाखवायला लागला. बोलण्याच्या भरात त्याला वर बघायचं भान नव्हतं.

"माझी निळी होती," मावशी म्हणाली.

"तो वरचा paint होता. नंतरचा. मी सगळा काढला, हळूहळू. खाली हा होता, बघा, खरा."

"वामननं लावलेला रंग काढलास तू?"

"मावशी, तो correct नव्हता."

मावशी नागपूरची. साठ वर्षं इंग्लंडात राहून तिची बोली घासून पुण्यामुंबईसारखी झालीय, पण राग आला की नागपूर वर येतं. "काहून?" ती म्हणाली. "काहून काढला? तुले कोनं सांगतलं काढाले?"

जगदीशनं मान वर केली. आता कुठं त्याला तिचा चेहरा दिसला.

"चाकं कुठं आहेत माझी?"

"ते... swap केले."

"सीट?"

"ती पण."

"कॅरिअर?"

जगदीशनं उगाच पॅडल फिरवलं. कल्याणी जमिनीकडं बघत होती.

"टिपवर टाकला," तो म्हणाला.

"त्या कॅरिअरवर तू बसायचास, गाढवा!" मावशीचा आवाज फुटला. "तुला टोचतंय म्हणून रडायचास, म्हणून वामननं फळी तासली होती. रविवारभर बसला होता तासत."

"आई, अगं त्यानं किती मेहनत घेतलीय..." सम्यक मध्ये पडायला गेला. मावशीनं नुसता हात वर केला, तो गप्प झाला. डॉक्टर असेल लीड्समध्ये.

"ओरिजिनल म्हणतोस. कोणाची ओरिजिनल? कुठल्या अमेरिकन बाईची, जी दोन वर्षं फिरली नि टाकून निघून गेली. मी एकोणीस वर्षं चालवली, जगदीश. बर्फात चालवली. हा सम्यक पोटात होता तेव्हा चालवली. रस्त्यात पोरं मागं लागायची, नको ते ओरडायची, तेव्हा हिच्यावरून सुटले मी. त्यातलं काहीच खरं नाही? खाली जे होतं तेवढंच खरं?"

"मला तसं नव्हतं म्हणायचं..."

"मी तेरा वर्षांची होते, दीक्षाभूमीवर आईचा हात धरून उभी होते. लोक सारखे विचारायचे ना, मूळचे कोण तुम्ही, मूळचे कोण? ते मूळ त्या दिवशी तिथं टाकून आलो आम्ही, म्हणून माणसांत आलो. आणि तू, आपला पोरगा, माझ्या सायकलीचं मूळ उकरत बसलास?"

मावशी उठली, सम्यकचा हात धरला आणि दाराकडं निघाली. सायकलीजवळून जाताना तिनं तिला हातही लावला नाही. "ही व्हॅनमध्ये नको टाकू," ती सम्यकला म्हणाली. "ही माझी नाही."

करायला गेला काय आणि वरती झाले पाय! जगदीश सायकल घेऊन घरी आला आणि त्या दिवसापासून त्याला घर खायला उठलं. आधी हबपायी तळमळत होता, आता निळ्या रंगापायी. नॉरफकच्या म्हाताऱ्याला फोन केला, तर चाकं आणि सीट दोन्ही बेल्जियमला गेली होती. टिपवर जाऊन आला, तिथला माणूस त्याच्याकडं बघून हसला. शेडचा कोपरान् कोपरा धुंडाळला, निळी एखादी चिंधी सापडते का म्हणून. नाही सापडली. गॅरेजमध्ये त्यानं एक धडधाकट गाडी फेल केली आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या. कामाआधी काढलेले फोटो फोनवर होते, पण एकात रंग आभाळासारखा दिसायचा, एकात वांग्यासारखा. तो एकेक करत निळ्या रंगाचे डबे आणत राहिला आणि पत्र्याच्या तुकड्यांवर लावून बघत राहिला.

"त्यांनाच विचार ना," शेवटी कल्याणी म्हणाली.

"कसं विचारू? त्या फोन घेत नाहीत."

"मग जा. तोंड दाखव. आणखी चार शिव्या खा, पण जा."

एका रविवारी तो सायकल गाडीवर बांधून, निळे डबे डिकीत घालून एकटाच लीड्सला गेला. सम्यकच्या घरामागं फरशीचं छोटंसं अंगण आहे. मावशी तिथं उन्हात बसली होती. जय भीम झाला. तिनं चहा दिला, बिस्किटं दिली, पण बोलली नाही. जगदीशनं सायकल भिंतीला लावली, डबे तिच्या पायापाशी मांडले आणि झाकणं उघडली.

"कुठला, मावशी? सांगा. मी तसाच करतो. चाकं पण शोधतो, तसेच. कॅरिअर पण बनवतो."

मावशीनं वाकून बघितलं. "यातला एकही नाही."

"तो आपला निळा होता ना? झेंड्याचा?"

तेव्हा मावशी हसली. "कसला झेंडा रे! फाउंड्रीत मशिनींना लावायचे, त्यातला डबा उरला होता. पिशवीत घालून घेऊन आला. हिरवा उरला असता तर हिरवी झाली असती."

जगदीशला सुचेना काय करावं. एवढी कासाविशी केली, आणि तो रंग म्हणजे कुणीतरी उरलेला घरी आणलेला रंग!

"मग आता?" तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "मी कसा करू परत?"

"नाही होत परत. तो कारखाना गेला, तो रंग गेला, वामन गेला. दर रविवारी हॉलमध्ये अनित्य अनित्य म्हणतोस ते काय घसा साफ करायला?" मग ती जरा मऊ झाली. "आधी ती त्या अमेरिकन बाईची केलीस. आता माझी करायला आलास. तुझ्या शेडमध्ये त्या पाच आहेत ना, त्याही अशाच, कुणाकुणाच्या. तुझी कुठली त्यातली?"

एखाद्या हबचा तिमाही सांगणारा हा माणूस, आपली सायकल कुठली या प्रश्नावर फरशीकडं बघत उभा राहिला. त्याला लाज वाटली, आणि का ते कळेना म्हणून आणखीच वाटली.

"सम्यक!" मावशीनं हाक मारली. "दाराचा रंग उरलाय ना? आण. आणि ब्रश."

सम्यकनं अर्धा डबा आणून ठेवला. पिवळा. असला पिवळा की डोळे मिटावेत. वर साय धरली होती. ब्रश भिंती रंगवायचा, पंजाएवढा.

"लाव," मावशी म्हणाली.

"मावशी, आधी sand करायला लागतो. प्रायमर..."

"लाव म्हणते ना."

जगदीशनं ब्रश बुडवला. समोर तो शेवाळी हिरवा, ऐंशी वर्षांपूर्वीचा, बोटभर बोटभर करून त्यानं जपलेला. त्याच्या गटातल्या कुणी हे बघितलं असतं तर वाळीतच टाकलं असतं. त्याचा हात हवेत थांबला. मग त्यानं डोळे मिटून पहिला फटकारा मारला, बरोबर त्या पांढऱ्या अक्षरांवर. दुसरा मारला. तिसऱ्याला ब्रश जास्त भरला आणि एक जाड ओघळ नळीवरून खाली निघाला. जगदीशनं खिशातलं फडकं काढलं. मावशीनं पुढं होऊन त्याचं मनगट धरलं.

"राहू दे तो."

"वाईट दिसतो, मावशी."

"दिसू दे." तिनं मनगट सोडलं नाही. पिवळ्या, ओघळलेल्या, अर्धवट रंगलेल्या त्या सायकलीकडं ती बघत राहिली. "उद्या शंभर सायकलींत उभी केलीस ना, तरी मी लांबूनच ओळखीन. म्हणेन, ती बघा, आमच्या जगदीशची."